अम्माचे केस आणि एरंडेल

एरंडेल तेल ओतताना आवाज होत नाही. बाटली तिरपी केली तरी ते क्षणभर अडखळते आणि मग मधासारखी जाड, फिकट पिवळी, संथ धार वाटीत उतरू लागते. सोलापुरातल्या आमच्या तेलुगू घरात त्याला आमुदम म्हणतात. फुटलेल्या टाचांना, विरळ भुवयांना, केसांच्या मुळांना लावायचे तेल, एवढीच त्याची ओळख मला होती. या उन्हाळ्यात मात्र त्या तेलाच्या निमित्ताने जे पाहिले, त्याने मी अजून थक्क आहे.

अम्माला, म्हणजे माझ्या आईला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. रुग्णालयातून ती घरी आली, तेव्हा कमरेपर्यंत रुळणारा तिचा केशसंभार उशीवर घासून घासून एका घट्ट गोळ्यात आवळला गेला होता. कंगवा शिरेना. शेजारच्या शालनमावशी मदतीला आल्या होत्या. त्या कळवळून म्हणाल्या, "कापून टाक बाई. परत येतील की!" आणि अम्माच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. वाचा हरपलेल्या माणसाचा नकार इतका स्पष्ट असू शकतो!

दारात नान्ना, माझे वडील, उभे होते. यंत्रमागावर टॉवेल विणण्यात ज्यांची हयात गेली, असा हा अबोल माणूस. आमच्यादेखत त्यांनी अम्माचा हातही कधी हाती धरला नव्हता.

"कापायचं न्हाय," ते म्हणाले. "गुंताच हाय की. सोडवतो मी."

त्यांनी खोबरेलात एरंडेल मिसळून कोमट केले. अम्माला माझ्या खांद्याशी टेकवून बसवले आणि स्वतः तिच्या मागे बसले. "दुखलं तर हात वर कर," एवढेच तिला म्हणाले. मग बोटे तेलात बुडवून, गोळ्याच्या कडेचा एकेक केस ते असा सोडवू लागले, की मी श्वास रोखून पाहत राहिले. ओढाताण नाही, घाई नाही. आयुष्यभर तुटलेल्या धाग्यांची टोके शोधणाऱ्या त्या बोटांत एवढे मार्दव कुठे दडले होते? प्रेम म्हणजे उत्कट शब्द, असे मानत आलेल्या मला हे मौन केवढे अथांग वाटले! बाहेर ऊन चढले, उतरले. अम्माचा डावा हात एकदाही वर गेला नाही.

सांज झाली, तेव्हा सारे केस मोकळे होऊन तिच्या पाठीवर लखलखत होते. नान्नांनी जन्मात पहिल्यांदा वेणी घातली. वाकडीच, पण घट्ट.

ते उठू लागले, तोच अम्माने डाव्या हाताने त्यांचा तळवा पकडला. सुताने चिरलेला, भेगाळलेला, तेलाने माखलेला तो तळवा तिने मांडीवर ओढला आणि अंगठ्याने भेगाभेगांत ते तेल हळूहळू चोळू लागली. नान्नांनी संकोचून आमच्याकडे पाहिले. हात मात्र सोडवून घेतला नाही. मी हळूच उशा लावून अम्माला त्यांवर टेकवले.

शालनमावशींनी डोळ्यांना पदर लावला आणि मला कोपराने खुणावले.

"चल गं," त्या कुजबुजल्या, "आपण चहा टाकू."

आम्ही दोघी आत गेलो. चहा उकळून उकळून काळा झाला, तरी बाहेर न्यायला माझे पाऊल उचलेना.