‘या’ न म्हणणारे माझे घरमालक

या देशात कायदा शब्दशः पाळणारा एकच जमीनमालक होऊन गेला आणि तो माझा घरमालक होता, हे मी कुठल्याही सभेत टेबलावर मूठ आपटून सांगायला तयार आहे. बाकीचे मालक कायदा वाकवतात, विकत घेतात, नाहीतर त्याच्याकडे पाठ करून पान लावत बसतात. चिखलीच्या माझ्या घरमालकांनी मात्र तो आपल्या अडीच एकरांत इतका कडक लागू केला, की दोन महिने त्यांच्या ओट्यावर आल्यागेल्याला साधा चहा मिळाला नाही. आणि याला कारण मी.

झालं असं, की पिंपरीला नवा कारखाना निघाला आणि आम्ही साताऱ्या-परभणीकडची पोरं आसपासच्या गावांत खोल्या घेऊन राहू लागलो. सकाळी सगळे शेतांतल्या पायवाटांनी कामावर जायचे. एका बागाईतदाराने वाटेलगत चुन्याचा खड्डा उघडाच टाकला होता. आमच्या खात्यातला परभणीचा एक गडी त्यात पडला, नडगी मोडून घेतली, आणि मालक काठावर उभा राहून काय म्हणाला? ‘‘तुला बोलावलं कुणी होतं?’’ माझं डोकं फिरलं. खेडच्या एका वकिलांना गाठून मी कायदा समजावून घेतला आणि गुलाबी कागदावर पत्रक छापलं : ‘मालकहो, खड्डे बुजवा!’ त्यात सोप्या भाषेत लिहिलं होतं, की तुमच्या जागेत येणारी माणसं तीन प्रकारची. एक बोलावून आणलेला. त्याला जपण्याची जबाबदारी सगळ्यांत मोठी. दुसरा येऊ दिलेला. त्याला निदान छुपा धोका सांगायला हवा. तिसरा न विचारता घुसलेला; त्याच्यासाठी मुद्दाम सापळा लावायचा नाही, एवढंच. पत्रक तालुकाभर वाटलं. बड्या मालकांनी त्यात भजी बांधली. माझ्या घरमालकांनी ते चौथी शिकलेल्या आपल्या मुलीकडून, हौसाकडून, तीनदा वाचून घेतलं, घडी करून मुंडाशात खोवलं आणि म्हणाले, ‘‘म्हंजी ‘या’ म्हनलं की मेलो!’’

‘‘अण्णा, तसं नाही हो ते.’’

‘‘तूच लिवलंस न्हवं?’’

त्या दिवसापासून त्यांनी ‘या’ हा शब्द टाकला. कुणी ओट्याशी आलं, की हे दोन्ही हात मागे बांधून म्हणत, ‘‘आलासा? बरं, आलासा. म्या बोलावलं न्हवतं, हौसा ऐकतीया.’’ चहा द्यायचा नाही, कारण चहा दिला म्हणजे बसवलं आणि बसवलं म्हणजे बोलावलं. चाकणहून त्यांची सख्खी बहीण बेसनाचे लाडू घेऊन आली, तर तिला उंबऱ्याबाहेर उभी करून ‘‘आपनहून आले म्हन,’’ असा हट्ट धरला. बाई तिखट. ‘‘आपनहून आले आनि आपनहून चालले,’’ म्हणून लाडवांसकट परत फिरली. ते लाडू मलाही मिळायचे होते, हे इथे नमूद करून ठेवतो.

त्यांच्या विहिरीजवळून कामगारांची वाट जायची. तिला यांनी कधी अडवलं नव्हतं, म्हणजे ती माणसं झाली दुसऱ्या प्रकारची, धोका सांगायला हवा. मग हे तांबडं फुटल्यापासून विहिरीच्या काठावर घोंगडी टाकून बसत आणि येईल त्याला ओरडून सांगत, ‘‘हीर हाय! डाव्या हाताला हीर हाय!’’ विहीर केवढी, तर चार खणी घर आत बसेल. एकदा एक जण म्हणाला, ‘‘अण्णा, काल पण होती की!’’ हे तितक्याच गांभीर्याने म्हणाले, ‘‘कालची काल सांगितली. आजची आज सांगतुया.’’ पुढे यादी वाढली. बाभळीची खालची फांदी, गोठ्यापुढचा निसरडा दगड, आणि तांबडा बैल. ‘‘मारका न्हाई, पर त्याच्या मनातलं कुनाला ठावं?’’ मी म्हटलं, ‘‘अण्णा, एवढं ओरडण्यापेक्षा कठडा बांधा ना.’’ त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ‘‘कठडा बांधला म्हंजी हीर धोक्याची हाय ह्ये म्या कबूल क्येलं. वकील हितंच धरंल.’’ मी तोवर अकरा पत्रकं लिहिली होती. उत्तर एकाही पत्रकात नव्हतं. भाडेकरू कोणत्या प्रकारात बसतो हेही मी लिहायला विसरलो होतो. त्यामुळे ते मला चोरासारखं दरडावत, वाटसरूसारखं बजावत आणि पायरी उतरताना पाहुण्यासारखं कोपराला धरत.

इथवर सगळी गंमत होती. मग वैशाखात हौसाचं लग्न ठरलं. मुलगा महाळुंग्याचा, चांगला. मांडव घरापुढेच पडणार होता. अण्णा कुंकवाच्या अक्षता घेऊन घरोघर निघाले. समोरच्याच्या हातावर अक्षता ठेवायच्या आणि ‘लग्नाला या’ म्हणायचं, ही रीत. यांनी अक्षता ठेवल्या आणि म्हणाले, ‘‘हौसाचं लगीन हाय. येत्या सोमवारच्या फुडल्या सोमवारी.’’ आणि गप्प. घरधनी वाट बघतोय.

‘‘मग?’’

‘‘मग काय? तुमच्या मनाला यील ते करा.’’

दुपारपर्यंत गाव पेटलं. ‘‘माज्या हातावर अक्षता ठिवल्या का भीक घातली?’’ एक म्हातारी चावडीपुढे उभी राहून विचारत होती. एकानेही जायचं नाही, असं ठरलं. बातमी इंद्रायणी ओलांडून महाळुंग्याला गेली आणि तिकडून निरोप आला : ‘रिकाम्या मांडवात आमचा मुलगा उभा राहणार नाही.’

हौसा माझ्या खोलीच्या दारात आली. रडत नव्हती, चिडली होती. ‘‘दादा, तुमच्या कागदानं माजं लगीन मोडतंय. लिवलंय तसं पुसा.’’

मी तसाच अण्णांकडे गेलो. म्हटलं, ‘‘लग्नाला आलेला माणूस कोर्टात जातो होय? कुणीही जाणार नाही. मी लिहून देतो.’’

‘‘तुजा परभनीवाला ग्येला व्हता का कोर्टात?’’

‘‘नाही.’’

‘‘पर नडगी मोडलीच न्हवं? मला कोर्टाचं भ्या न्हाई रं. आपुन तोंड भरून ‘या’ म्हनायचं, आनि मानूस लंगडत घरी धाडायचा?’’

दोन महिने ज्या माणसाला आम्ही हसत होतो, त्याला त्या अख्ख्या पत्रकातलं एवढंच कळलं होतं, आणि मला लिहूनही कळलं नव्हतं. मी म्हटलं, ‘‘उठा. फावडं कुठाय?’’

मग काय विचारता! खात्यातली दहा-बारा पोरं शिफ्ट सुटली की येत. मोटेची बाजू तेवढी सोडून विहिरीला कठडा चढला, तिथेही आडवी बल्ली बांधली. फांदी तोडली, निसरडा दगड टाकीने खडबडीत केला. ‘वकील हितंच धरंल’ म्हणून मी चिडवल्यावर अण्णा म्हणाले, ‘‘धरू दे. त्यालाबी लग्नाला बोलीवतो.’’ बैल लग्नापुरता चाकणला बहिणीकडे धाडला. ‘‘ह्यो आपनहून आला का बोलावलाय?’’ तिने विचारलं म्हणे. पण ठेवून घेतला. लग्नाला दोन दिवस उरले असताना अण्णा पुन्हा घरोघर गेले. हातावर अक्षता ठेवल्या आणि साठलेले सगळे ‘या’ एकदम बाहेर काढले. ‘‘या! पोराबाळांसकट या! म्हातारीला उचलून आना!’’ कुत्री भुंकायला लागली. गाव आलं. चावडीपुढची म्हातारी तर सगळ्यांच्या आधी येऊन बसली. पंगतीत नवऱ्या मुलाच्या काकांची कढत आमटीने जीभ पोळली, तर यजमान सगळा मांडव सोडून त्यांना पंख्याने वारा घालत बसले.

उन्हं कलली तशी वरात निघाली. अण्णा बैलगाडीच्या पुढे चालत होते, काठीने वाटेतले धोंडे बाजूला सारत. त्यांच्या शेताचा बांध आला. मी म्हटलं, ‘‘अण्णा, तुमची हद्द संपली. इथून पुढचं तुमच्यावर येत नाही.’’

‘‘व्हय,’’ ते म्हणाले आणि चालत राहिले.

गाडीवानही म्हणाला, ‘‘अण्णा, ही वाट सरकारी हाय. जावा आता घरी.’’

‘‘सरकारला काय ठावं, पोरीला हिसक्यानं मळमळतंय?’’

असे ते इंद्रायणीपर्यंत आले. गाडी पाण्यात उतरली तसे तेही गुडघाभर पाण्यात शिरले. ‘‘उजव्या अंगाला घे, हिकडं खोल हाय,’’ असं सांगत राहिले. गाडी पलीकडची दरड चढली. हौसाने एकदा मागे वळून पाहिलं. मग धूळ उडाली आणि काही दिसेना.

‘‘पल्याडची वाट म्या कंदी नीट बगितलीच न्हाई रं,’’ ते मला म्हणाले, आणि बराच वेळ त्यांनी पाण्याबाहेर पाऊल टाकलं नाही.