गप्पूमामांचा दुसरा आवाज

३ जून १९८९. रुपये एक हजार एकशे पंचाहत्तर फक्त.

गप्पूमामांच्या नावाने मी तयार केलेलं हे पहिलं व्हाउचर. बी.कॉम. होऊन मी टीव्ही केंद्राच्या लेखा विभागात नुकताच चिकटलो होतो. आकड्याची फोड अशी होती: सातशे पन्नास निवेदनाचे आणि चारशे पंचवीस दुसऱ्या आवाजाचे. ती दुसरी ओळ पाहून मी मुख्य लेखापालांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"एका माणसाला दोन आवाजांचे पैसे? उद्या बातम्या देणारी बाई म्हणेल, मला डोळे दोन आहेत, द्या दोन्हींचे."

"करारात तसं लिहिलंय, साहेब."

"लिहिलंय तर द्या. पण नजर ठेवा."

नजर ठेवणं माझ्या स्वभावातच होतं, त्यामुळे ते काम जड गेलं नाही.

गप्पूमामा म्हणजे रविवारी सकाळी दिसणाऱ्या मुलांच्या कार्यक्रमाचे निवेदक. धंद्याने शब्दभ्रमकार, म्हणजे स्वतःचे ओठ न हलवता बाहुल्याला बोलतं करणारे. बाहुल्याचं नाव चोंबड्या. लाकडी डोकं, एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा, आणि एकदा तोंड सुटलं की कुणाचीच भीड नाही. केंद्राबाहेर मामा स्टेजवर कार्यक्रम करत. त्यांच्या पोस्टरवर जाड अक्षरांत लिहिलेलं असे: 'एक गळा, दोन आवाज'. त्या एका ओळीवर त्यांचा सगळा डोलारा उभा होता. केंद्राचा करारही तिच्यावरच झाला होता.

आधी ते एका फिरत्या नाटक कंपनीत होते. आत नेपथ्य बदलत असताना पडद्यापुढे उभं राहून लोकांना हसवत ठेवायचं, एवढंच काम. आतली ठोकाठोक थांबली की विनोद अर्ध्यात टाकून बाजूला व्हायचं. मुलांशी वागण्याची हातोटी त्यांनी तिथेच कमावली असावी. रडणाऱ्या मुलाकडे ते कधीही बघत नसत. चोंबड्याच्या कानात सांगत, "तिकडे नको बघूस रे, त्याला लाज वाटेल." मूल गप्प होऊन उलट चोंबड्याकडेच बघत बसे.

हे सगळं मला आवडायचं. पण चित्रीकरणाची त्यांची पद्धत पटत नव्हती. स्टुडिओत एक उंच टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं निळं कापड. टेबल लागलं की मामा सगळ्यांना बाहेर काढत. "चोंबड्या लाजतो हो, त्याला कपडे बदलायचेत." लोक हसत हसत बाहेर जात. दार उघडेपर्यंत मामा टेबलामागे बसलेले आणि चोंबड्या टेबलावर. मग मुलं आत येत. चित्रीकरण संपल्यावरही तसंच, आधी सगळे बाहेर.

एका शनिवारी मीही मुलांच्या मागे जाऊन बसलो. मामांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला आणि ते घटाघट पीत असताना चोंबड्याने अख्खं गाणं म्हटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी मात्र टाळी वाजवली नाही. हिशेब पहिल्या फटक्यात पैशापैशाने जुळला, की आमच्या धंद्यात माणूस आधी घाबरतो आणि मग परत पहिल्यापासून बेरीज करतो.

आधी वाटलं, टेबलाखाली टेपरेकॉर्डर असेल. पण मुलं आयत्या वेळी वाट्टेल ते विचारत आणि चोंबड्या तिथल्या तिथे उत्तर देई. "तुझा एक कान मोठा का?" "मामा ओरडतात तो कान तो." हे टेपवर कुठून येणार? मग दुसरी शंका आली, आणि ती काही केल्या जाईना. चोंबड्याचा आवाज लहान मुलाचा होता. त्या कापडाआड कुणाचं तरी पोर तासन्‌तास दडवून बसवलं असलं तर?

मी निर्मात्या बाईंना हळूच विचारून पाहिलं. त्या उसळल्या. "तुम्ही लोक ना, देवालासुद्धा पावती मागाल! कला आहे ती, कला!"

पाच वर्षं असंच चाललं. मग बातम्यांच्या विभागातून एक जुना ध्वनिमुद्रक आमच्या स्टुडिओत बदलून आला. जन्मभर त्याने मुलाखतीच मुद्रित केलेल्या. त्याच्या हिशेबाने समोर बोलणारे दोघं, म्हणून माइक दोन. मामांच्या कॉलरला एक लावला आणि दुसरा, कसलाही विचार न करता, चोंबड्याच्या कॉलरला. सगळा स्टुडिओ हसून लोटपोट. "अहो, लाकूड आहे ते!" फ्लोअर मॅनेजर म्हणाला. मामाही हसले, पण त्यांचं हसू जरा लवकर संपलं. मुलं दारात खोळंबली होती, म्हणून तो माइक तसाच राहिला.

चित्रीकरण झाल्यावर ध्वनिमुद्रक माझ्या टेबलाशी आला. दोन आवाजांच्या पैशांवरून मी कुरकुर करतो हे एव्हाना सगळ्या केंद्राला माहीत होतं.

"हिशेबराव, तो बाहुला स्वतः बोलतो."

"म्हणजे?"

"मामांच्या गळ्यातून आवाज निघत असेल, तर तो मामांच्या माइकवर मोठा यायला हवा ना? तिथे तो पुसट येतोय. बाहुल्याच्या माइकवर खणखणीत. आवाज खालून येतोय, टेबलाच्या पोटातून."

आम्ही दोघं केंद्र संचालकांकडे गेलो. पोराची शंका मीच बोलून दाखवली. संचालक सावध माणूस. त्यांनी आरडाओरडा केला नाही. पुढच्या शनिवारी टेबलाशिवाय चित्रीकरण होईल, मामांनी साध्या स्टुलावर बसावं, एवढाच निरोप दिला. आणि निर्मात्या बाईंना स्पष्ट सांगितलं, "बाहुला बोलला तर करार पुढे चालू. नाही बोलला तर त्या दिवशी कार्यक्रम बंद."

मधल्या बुधवारी कराराच्या कागदावर सही हवी, असं निमित्त काढून मी मामांच्या घरी गेलो. खरं तर मला ते पोर बघायचं होतं. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. जिना चढत असतानाच आतून चोंबड्याचा आवाज आला, "दूध उतू जातंय!" मी दार ठोठावलं. आवाज तुटला.

दार वहिनींनी उघडलं. वहिनी म्हणजे मामांची बायको. दर शनिवारी त्या मामांबरोबर केंद्रावर येत, कपड्यांची पिशवी सांभाळत आणि मेकअप रूममध्ये विणत बसत, असा सगळ्यांचा समज होता. त्यांना सलग दोन वाक्यं बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. गळ्याला बारा महिने मफलर.

मामा घरी नव्हते. चोंबड्या उशीच्या अभ्र्यात, खिळ्याला टांगलेला. मी दाराशी चपला मोजल्या. दोनच जोड. दप्तर नाही, खेळणं नाही, दोरीवर लहान कपडा नाही. शेगडीवर दूध मात्र खरंच उतू गेलं होतं.

"घरात कुणी लहान आहे का, वहिनी?"

त्यांनी मानेनेच नाही म्हटलं.

"मी आत्ता आवाज ऐकला."

"बसा, भाऊजी," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "चहा टाकते."

एवढ्यात मामा आले. मला बघून थबकले आणि नेहमीसारखे हसले. "काय हिशेबराव, जप्ती आणलीत की काय?"

"सही हवी होती."

"सही घ्या. आणि तुमच्या संचालकांना सांगा, चोंबड्याला टेबलाची सवय आहे. सवय मोडली की पोरं आजारी पडतात."

"पोरं?" मी विचारलं.

मामांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी शेगडी पुसत होत्या. चहा न घेताच मी उतरलो. शेजारच्या खोलीत लपवलं असेल, असं मला जिन्यातसुद्धा वाटत होतं.

शनिवारी स्टुडिओच्या मधोमध एक स्टूल, बाकी मैदान मोकळं. काचेपलीकडच्या कंट्रोल रूममध्ये संचालक हाताची घडी घालून उभे. मुलं पायऱ्यांवर बसली. त्यांच्या आया मागे भिंतीशी, आणि आयांच्या रांगेत शेवटी, पिशवी हातात घेऊन, वहिनी. त्यांना स्टुडिओत मी प्रथमच पाहत होतो.

मामा आले, बसले, चोंबड्याला मांडीवर घेतलं. "बोला मंडळी, काय विचारायचंय?"

"चोंबड्या, तुझी शाळा कुठाय?" एका मुलाने विचारलं.

चोंबड्या बोलला नाही. मामांनी कान त्याच्या तोंडाशी नेला. "काय म्हणतोस? रुसलास? का? टेबल काढलं म्हणून? मंडळी, हा रुसलाय. आता मलाच कानात सांगणार."

माणूस असा मुरलेला होता, की पंधरावीस मिनिटं त्यांनी त्या एका रुसव्यावर मारून नेली. चोंबड्या तोंड फिरवी, मामा विनवण्या करत, मुलं हसून हसून पायऱ्यांवरून घसरत. मीसुद्धा हसलो. काचेमागचे हात मात्र सुटले नव्हते. बाहुला बोलला नव्हता, आणि मामांचा घाम मेकअपमधून खाली उतरत होता.

तेवढ्यात अगदी पुढची एक चिमुरडी उठली. कुणी अडवायच्या आत ती स्टुलापाशी गेली आणि तिने चोंबड्याच्या गालाला बोट लावलं.

"तुझा आवाज हरवलाय का रे?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मामांनी सवयीने नजर दुसरीकडे वळवली. आता चोंबड्याने काहीतरी म्हणायला हवं होतं. मामांचे ओठ उघडले. सगळ्यांना दिसतील असे हलले, पण त्यातून चोंबड्या आला नाही. खरखर आली फक्त.

"हरवला नाही गं," चोंबड्याचा आवाज म्हणाला. "मागे उभा आहे. मला आज पुढे जागाच नाही दिली."

आवाज आयांच्या रांगेतून आला होता. सगळ्या माना वळल्या. वहिनींनी मफलर खाली ओढला होता. मान न वळवणारा एकच माणूस होता, तो म्हणजे गप्पूमामा. ते चोंबड्याकडेच बघत होते आणि त्यांची बोटं आतून त्याचं तोंड हलवत होती, शब्दाला शब्द लावून.

मुलगी क्षणभर वहिनींकडे बघत राहिली. मग परत वळून तिने चोंबड्यालाच विचारलं, "मग तू जेवलास का?"

"तू डबा आणलायस का? तर जेवतो!" वहिनी मागून म्हणाल्या, चोंबड्याचं तोंड पुढे हललं, आणि पायऱ्या पुन्हा हसायला लागल्या. मुलांना काहीच बिघडल्यासारखं वाटलं नाही. आया मात्र आपसांत कुजबुजत होत्या.

चित्रीकरण संपल्यावर मेकअप रूममध्ये मी, संचालक, निर्मात्या बाई आणि ते दोघं. मामांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. सुरुवातीच्या एका कार्यक्रमात त्यांचा घसा बसला. विंगेतून वहिनींनी चोंबड्याचं एक वाक्य म्हटलं आणि थिएटर डोक्यावर घेतलं गेलं. त्यानंतर मामांनी दुसरा आवाज कधी काढलाच नाही. पोस्टर मात्र आधीच छापून झालं होतं.

"म्हणजे लोकांना फसवलंत," संचालक म्हणाले.

"साहेब, तुम्ही सगळे चोंबड्याकडे बघत होतात ना? ते मी बघायला लावत होतो," मामा म्हणाले. "निम्मं काम माझं आहे." मग त्यांनी वहिनींकडे पाहिलं. "तू ठरवून केलंस हे."

"ती पोर रडायला आली होती."

"आजवर शंभर पोरं रडली. तेव्हा नाही सुचलं?"

"तेव्हा मी टेबलाखाली होते," वहिनी म्हणाल्या.

मामांनी चोंबड्याला पिशवीत घातलं, पिशवी उचलली आणि ते निघून गेले.

संचालकांनी काचेआडून हसणारी मुलं पाहिली होती. कार्यक्रम त्यांनी बंद केला नाही. 'एक गळा' ही ओळ करारातून काढायला लावली आणि दुसऱ्या आवाजाचे पैसे ज्याचा आवाज त्याला द्यायचे, असं मला सांगितलं. वहिनी माझ्यामागून लेखा विभागात आल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नावाने व्हाउचर निघत होतं.

कार्यक्रम त्यानंतर चार वर्षं चालला. मामा स्टुलावर आणि शेजारी खुर्चीवर वहिनी, सगळ्यांना दिसेल अशा. स्टेजवरची निमंत्रणं मात्र आटली. इतर शब्दभ्रमकार त्यांच्या नावाने बोटं मोडत, आणि एका आयोजकाने तर 'आता खाली कोण बसलंय' म्हणून मध्यंतरात टेबलाचं कापड उचलून पाहिलं. पुढे नवीन पोस्टर छापलं, त्यावर वहिनींचं नाव आलं, खालच्या ओळीत, बारीक अक्षरात. मामा भेटले की दरवेळी मला बाजूला घेत आणि विचारत, "हिशेबराव, तुम्ही तिथे होतात. खरं सांगा, तिने ठरवून केलं ना?" मी सांगायचो, मला नाही तसं वाटत. त्यांना ते कधी पटलं नाही. खरं म्हणजे, मलाही पुरतं नाही.

त्या शनिवारी व्हाउचरवर सही करताना रेव्हेन्यू तिकीट लावावं लागणार होतं. वहिनींकडे सुटे पैसे नव्हते, कारण पिशवी मामा घेऊन गेले होते. मी माझ्या खणातलं तिकीट लावून दिलं. त्याचा एक रुपया वहिनींकडून येणे आहे.