बेड परत आला की जाणारा मेसेज

मागच्या महिन्यात एका दुपारी गिरगावात गेले होते… एका क्लायंटची माफी मागायला. असलं काही मी सहसा इथे लिहीत नाही. पण ते डोक्यातून जात नाहीये.

पेशंटसाठी लागणारं सामान भाड्याने देण्याचा आमचा छोटा व्यवसाय आहे, परळला. वॉकर, व्हीलचेअर, घरी लावायचे हॉस्पिटलसारखे बेड. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो सुरू केला आणि गेली काही वर्षं मी त्यांच्याबरोबर बघत होते.

यंदा आम्ही वेबसाइट केली. ती बनवणारी रुचा म्हणाली, रिव्ह्यू नसतील तर नवीन माणूस फोनच करत नाही. मग तिने एक सोय करून दिली… आमच्या यादीत ‘सामान परत आलं’ अशी टिक केली की क्लायंटला आपोआप मेसेज जाणार.

‘आमची सेवा आवडली ना? पाच स्टार नक्की द्या! पुन्हा गरज लागली की आमच्याकडेच या, दहा टक्के सूट मिळेल.’ हा मजकूर तिने मला पाठवला तेव्हा अण्णा आयसीयूत होते आणि मी बाहेर बाकावर. मी वरवर वाचला आणि ओके लिहिलं.

सुरुवातीला छान चाललं. व्हीलचेअर परत येते तेव्हा पेशंट चालायला लागलेला असतो, लोक खुशीत स्टार देतात. बेड परत येतो तेव्हा बहुतेक वेळा… हे मला तरी कळायला हवं होतं.

अण्णांना नंतर घरी आणलं, पण ते राहिले नाहीत. आठव्या दिवशी घरात माणसं बसलेली होती आणि मला एका जागी बसवत नव्हतं. उगीच फोन उघडून यादी आवरायला घेतली. पाठारेकाकांकडचा बेड दोन दिवसांपूर्वी परत आला होता, म्हणजे काकू गेल्या होत्या. मी टिक केली.

पाठारेकाका आमचे सगळ्यात अवघड क्लायंट. चार महिने जवळजवळ रोज फोन… बेडचं हँडल वाजतं, गादीचा पंप घरघरतो, चाकं सरकतात. आजारी पडेपर्यंत दर वेळी अण्णा स्वतः जायचे, कारण काकांचं नाव फोनवर दिसलं की मी फोन त्यांच्याच हातात द्यायचे. नंतर दुकानातला मुलगा जायचा.

टिक केल्यावर दहा मिनिटांत त्यांचं उत्तर आलं. ‘आता कोणासाठी?’ एवढंच.

दुःखाच्या घरून निघताना आपण ‘येते’सुद्धा म्हणत नाही. आणि मी त्यांना पुन्हा या म्हटलं होतं, वर सूट देऊन…

माफीचा मेसेज कितीतरी वेळा लिहिला आणि पुसला. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी ‘दुकानात डोकावून येते’ असं सांगितलं आणि लालबागहून चालतच सुटले. भायखळा आल्यावर भान आलं, मग टॅक्सी केली.

तिसरा मजला. दार काकांनीच उघडलं आणि माझ्यामागे जिन्याकडे बघितलं.

“तुम्ही कशाला आलात? अण्णांना पाठवा. ते ऐकून तरी घेतात.”

टॅक्सीत पाठ केलेलं सगळं विसरले. “अण्णा गेले, काका. आज नववा दिवस.” हे मी तोपर्यंत माझ्या तोंडाने कोणालाच सांगितलं नव्हतं. सगळे फोन भावाने केले होते.

आणि एकदम लक्षात आलं, सुतकात आपण दुसऱ्याच्या दारात उभ्या आहोत. “सॉरी काका, मी यायलाच नको होतं,” म्हणत मागे सरले.

काकांनी दार पूर्ण उघडलं. म्हणाले, “सुतक मलाही आहे. आपण एकमेकांना काय बाटवणार? ये आत.”

“चहा घे,” ते म्हणाले. “पाच दिवस झाले, जो येतो तो पाण्यालाही नको म्हणतो. तुला नको म्हणायला कारण नाही.”

आतून बराच वेळ डबे उघडल्याचे आवाज येत होते. “हिने साखर कुठे ठेवलीय कोणास ठाऊक…” शेवटी दोन कप बिनसाखरेचा चहा घेऊन आले. “याची तक्रार चालणार नाही.”

मी सांगितलं, मेसेज आपोआप गेला असला तरी त्याला हो मीच म्हटलं होतं, नीट न वाचता. काका म्हणाले, “वाईट वाटलं. राग नंतर आला.” मी चहा पीत राहिले.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “अण्णांना घरी बेड लावला होता?”

“हो. आपल्याच दुकानातला.”

“मग ते तक्रार कोणाकडे करायचे?”

“माझ्याकडे. रोज.”

काका हसले. मग मीही हसले, नऊ दिवसांत पहिल्यांदा… आणि हसता हसता रडू आलं ते थांबेना. काका उठले नाहीत, समजावलं नाही, नुसते समोर बसून राहिले. त्याबद्दल मी त्यांची खरंच आभारी आहे.

खाली उतरल्यावर रुचाला फोन करून तो मेसेज बंद करायला सांगितलं. तिलाही फार वाईट वाटलं. म्हणाली, “मग ताई, बेड परत आला की काय पाठवायचं?” मी म्हटलं, काही नको, मी फोन करेन. बोलून गेले खरी… पण अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मला आधीच घाम फुटतो.

काल तसा पहिला फोन केला. शिवडीच्या एका बाईंकडचा बेड परत आला होता, त्यांच्या सासूबाई गेल्या. मी नाव सांगितलं, कुठून बोलतेय ते सांगितलं… आणि पुढे काही सुचेना. त्याही गप्प होत्या.

पण फोन दोघींपैकी कोणीच ठेवला नाही. बराच वेळ.