आत कोणी असेल तर दार लावायचं नाही

नमस्कार मंडळी. भूत म्हटलं की मी आधी फ्यूज तपासतो. सगळी नोकरी विजेच्या खात्यात गेली. खोलीतला दिवा आपोआप लागला तर वायरिंग सैल असणार, एवढीच माझी या विषयातली श्रद्धा. या सदरातले अनुभव मी वाचतो ते खरं तर करमणूक म्हणून... राग मानू नका. पण एक गोष्ट माझ्याही नावावर आहे. उत्तर सापडलं की लिहू, असं म्हणत म्हणत इतकी वर्षं गेली. उत्तर काही सापडलं नाही, तेव्हा तसंच लिहितो.

निमित्त झालं माझ्या नातीचं. ती नागपुरात मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये बसून संगणकावर कसला तरी ऑनलाइन खेळ खेळते. देशोदेशीचे लोक त्यात सोंगं घेतात, घरं बांधतात आणि एकमेकांची घरं फोडतात. परवा ती वैतागली होती. घर फोडणं इतकं सोपं करून ठेवलंय की आता कोणी घर बांधतच नाही, म्हणाली. मी म्हटलं, बाई, ही भानगड आम्ही सत्तरच्या दशकात निस्तरली आहे. आजोबा फेकताहेत, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं.

तर ऐका. मी तेव्हा सक्करदऱ्याला राहायचो आणि उमरेड रोडच्या बाजूला एका सबस्टेशनवर ऑपरेटर होतो. त्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. आमच्याकडे एक कॅरिअर फोन होता. त्याचं बोलणं विजेच्याच तारेवरून जायचं, एका सबस्टेशनहून दुसऱ्याला. एकाने रिसीव्हर उचलला की लाइनीवरच्या सगळ्यांना ऐकू जायचं. दर तासाला मीटरचे आकडे सांगून झाले की मधला वेळ रिकामा. माणसं तरुण, साहेब आपल्या खोलीत. मग आम्ही त्या फोनवर एक गाव वसवलं.

गाव अर्थात तोंडीच. प्रत्येकाचं एक सोंग होतं. लाइनीच्या पलीकडच्या टोकाचा मोहोड गावचा वैद्य, खापरखेड्याकडचा राऊत पहिलवान, मी सुतार. आणखी दोघंतिघं होते. प्रत्येकाने आपलं घर सगळ्यांना ऐकवून बांधायचं — दार कुठे, कणगी कुठे, कुत्रं कुठे बांधलंय. आणि संधी मिळाली की दुसऱ्याचं फोडायचं. चोर सांगणार कुठून शिरला, मालक सांगणार काय आडवं आलं. निकाल कोण लावणार? तर फ्रिक्वेन्सीचा काटा. ही युक्ती माझी, आणि तिचा मला आजही अभिमान आहे. सगळ्या सबस्टेशनांवरची वीज एकच, त्यामुळे तो काटा एका वेळी सगळीकडे सारखाच दिसतो. ठरलेल्या खुणेच्या वर असला तर घर शाबूत, खाली असला तर चोर आत. फाशांत लबाडी करता येते, काट्यात नाही.

पण उन्हाळा आला आणि सगळं बिघडलं. नागपुरात कूलर सुरू झाले, लोड वाढला, काटा दुपारभर खालीच लोळायला लागला. म्हणजे प्रत्येक चोर प्रत्येक घरात! राऊतचं घर इतक्यांदा धुऊन निघालं की तो रुसून बोलेनासा झाला. त्यावर मोहोडने वेगळाच डाव काढला. चोराला सुखाने आत येऊ द्यायचं, मग दार लावून कोंडायचं आणि आठवडाभर सोडायचंच नाही. आता चोरही खेळेनात. गाव मरायला टेकलं.

मी हट्टी माणूस आहे. बायको याला दुसरा शब्द वापरायची. गाव वाचवायचंच असं ठरवून मी बसलो. खूण खाली आणली, जमलं नाही. कुत्री वाढवली, तर नुसती भांडणं वाढली. शेवटी मी एक नियम केला आणि सगळ्यांकडून शपथेवर घेतला. चोराने दोन हातांत मावेल तेवढंच न्यायचं, आणि त्याने ‘मी आत आहो’ म्हटलं की तो ‘निघालो’ म्हणेपर्यंत मालकाने दार लावायचं नाही. चोर कोणीही असो, वेळ कोणतीही असो. मोहोडने खूप कुरकुर केली, पण गाव पुन्हा नांदायला लागलं.

आता त्या दिवसाचं.

मे महिना, भर दुपार. आमचं आणि मोहोडचं सबस्टेशन जोडणारी लाइन सकाळपासून बंद होती. टॉवरवर तार ज्यांना टांगलेली असते त्या जुन्या चिनीमातीच्या डिस्का बदलायला गोतमारे नावाच्या लाइन इन्स्पेक्टरची टोळी चढली होती. लाइन बंदच आहे तर कॅरिअर फोनचा सेटही दुरुस्त करून घेऊ म्हणून मेकॅनिकने तो उघडला होता. त्याचे भाग टेबलावर कापडावर मांडलेले, आणि मेकॅनिक जेवायला गेलेला. नुसता घंटी आणि रिसीव्हरचा डबा भिंतीवर टांगलेला होता. लाइनी चालू-बंद करायचा हुकूम देणाऱ्या कंट्रोल रूमशी बोलणं पोस्टाच्या साध्या फोनवरून चाललं होतं.

गोतमारेची जीप आली आणि तो घामाने निथळत आत शिरला. सारे उतरले, तारेला जोडलेलं अर्थिंग काढलं, असं सांगून त्याने कामाचं परमिट परत केलं, म्हणजे आता लाइनीवर कोणी नाही. शिफ्टचे साहेब पांढरीपांडे यांनी कंट्रोलला कळवलं. आसपासच्या वस्तीची वीज अडकलेली, त्यामुळे तिकडून उत्तर आलं की ताबडतोब लाइन चालू करा. मी पॅनेलपाशी गेलो, ब्रेकरच्या हँडलला हात घातला.

आणि भिंतीवरचा कॅरिअर फोन वाजला.

मी टेबलाकडे पाहिलं. सेट तसाच सुटा पडलेला. पांढरीपांडे साहेबांनीही मान वळवली, म्हणजे घंटी मला एकट्याला ऐकू आली असं नाही. मी रिसीव्हर उचलला. आत नुसता वारा होता, उंचावर असतो तसा, आणि त्यात एक बारीक आवाज.

“सुतार, मी तुह्या घरात आत हाओ गा. दार नको लावू.”

पहिल्यांदा मला भीती नाही वाटली, संताप आला. कामाच्या वेळी खेळ नाही, हे आमच्यात ठरलेलं होतं. मी म्हटलं, कोण आहे बे? फक्त वारा. मोहोड म्हणावं तर त्याचा आवाज घोगरा. राऊतचाही नव्हता. आणि मग ते ध्यानात आलं — सेट उघडा असताना कोणाचाच आवाज यायला नको होता. तेव्हा मात्र मी घाबरलो.

साहेबांनी रिसीव्हर माझ्या हातातून घेऊन कानाला लावला. काहीच नाही. त्यांनी तो ठेवून दिला.

“भोयर, काहून थांबला? लाव ना लाइन.”

“नाही लावत, साहेब.”

“कंट्रोलचा हुकूम आहे.”

“असू द्या. गोतमारेनं आधी माणसं मोजून यावी.”

गोतमारे भडकला. इतकी वर्षं टोळी चालवतो, मला माणसं मोजता येत नाहीत का, म्हणाला. त्याचं चुकत नव्हतं. साहेब म्हणाले, लेखी खुलासा द्यावा लागेल, नोकरीवर बेतेल. माझी नोकरी पक्की व्हायची होती आणि घरी नुकतंच मूल झालेलं. मी सांगणार तरी काय? की आमच्या खोट्या गावातला चोर अजून निघालो म्हणालेला नाही? ते सांगता येत नव्हतं, म्हणून मी नुसता पॅनेलच्या आडवा उभा राहिलो. साहेबांना लाइन लावायची तर मला ढकलून लावावी लागली असती. पोस्टाचा फोन वाजत होता, तोही मी उचलू दिला नाही.

शेवटी गोतमारे शिव्या घालत जीप घेऊन गेला. तो टॉवर फाटकातून दिसत नव्हता, बाभळींच्या मागे होता. तो येईस्तोवर मी पॅनेलपासून हललो नाही.

गोतमारे परतला तेव्हा त्याच्यासोबत नामदेव नावाचा लाइनमन होता. गोतमारेने माठातून पाणी घेतलं आणि ते पिता येईना म्हणून तसंच हातात धरून ठेवलं. झालं असं होतं, की सारे उतरल्यावर नामदेवच्या लक्षात आलं की आपला पाना वरच राहिला. कोणाला न सांगता तो परत चढला. खाली झाडाच्या सावलीत बाकीच्यांना वाटलं, तो पाणी प्यायला गेला. गोतमारे पोहोचला तेव्हा नामदेवचा कमरेचा पट्टा वर अडकला होता, आणि तारेला हात लावून तो पट्टा सोडवत होता.

लाइन मग मीच लावली, पण नामदेवला आणि सगळ्या टोळीला माझ्यासमोर उभं करून. खुलासा कोणी मागितला नाही. त्या घंटीविषयीही साहेबांनी पुन्हा कधी अवाक्षर काढलं नाही.

संध्याकाळी मी पोस्टाच्या फोनवरून मोहोडला गाठलं. तो दुपारभर त्याच्या साहेबांबरोबर यार्डात होता, चारचौघांसमोर. राऊतला त्या दिवशी सुट्टी होती. बाकीच्यांनाही एकेक करून विचारलं, अगदी मुलाबाळांच्या शपथा घ्यायला लावल्या. कोणीही फोन केला नव्हता. आणि आम्हा पाचसहा जणांखेरीज त्या गावाची, त्या नियमाची कोणाला गंधवार्ता नव्हती. मेकॅनिकला मी सेट पुन्हा पुन्हा तपासायला लावला. तो म्हणाला, भाऊ, भिंतीवरच्या डब्यात घंटी वाजवायला कुठून काही येणारच नव्हतं.

राऊत घाबरला. खेळ बंद करू म्हणाला. मी ठाम नाही म्हटलं. ज्या नियमाने माणूस वाचला तो आपणच मोडीत काढायचा का? गाव पुढेही चाललं, माझ्या बदलीपर्यंत.

थोड्या दिवसांनी नामदेव फाटकाबाहेरच्या टपरीवर भेटला. चहा त्यानेच सांगितला. फोनचं त्याला कोणी बोललं नव्हतं. मी फक्त विचारलं, वरून तुला गोतमारेची जीप इकडे सबस्टेशनकडे निघताना दिसली का?

“दिसली ना भाऊ. मंग मले समजलं का आता लाइन लावतेत. मी बोंबलून राहिलो होतो, पन वारा असा का माह्यच मले आयकू नाही येऊन राहिलं.”

“काय बोंबलला?”

तो जरा ओशाळला. “थेच तं समजत नाही. वर हाओ म्हनाले पायजे होतं. पन तोंडातून येऊन राहिलं, मी आत हाओ, दार नोका लावू. टावरले कुठचं दार आलं?”

मी त्याला गावाचं सांगितलं नाही. आजवर नाही. नामदेवचा आवाज भरदार होता, फोनवरचा बारीक होता, हेही इथे प्रामाणिकपणे नोंदवतो.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कोणाच्या शब्दावर मी लाइन लावली नाही. टोळी समोर उभी करायची, तोंडं बघायची, मग हात घालायचा. लोक मला चक्रम म्हणायचे, साहेब लोक वैतागायचे. माझ्या पाळीत एकही माणूस गेला नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कोणाला सुचलं तर अवश्य लिहा, मी वाट बघतो आहे. फक्त योगायोग, ऊन आणि माझे कान, हे तिन्ही माझं तपासून झालंय.