साक्कोट्टैच्या वाटेवरचं शिंगरू

लग्नात कुणी गुलाबपाणी शिंपडलं की मला तिथून उठावं लागतं. चोपन्न-पंचावन्न साल असेल. आमची घोडी गाभण होती, तरी काकांनी तिला गाडीला जुंपून कुंभकोणम स्टेशनावरून साक्कोट्टैच्या लग्नाचं वऱ्हाड आणायला घेतलं. सोबत आई आणि मी होतो. साक्कोट्टैच्या वाटेवर घोडी थरथरत थांबली आणि चिखलात अपुऱ्या दिवसांचं शिंगरू पडलं. आईने पदराने त्याचं तोंड पुसलं, छाती चोळली; क्षणभर ती धडधडली आणि शिंगरू गेलं. "शी, काय घाण!" म्हणत वराच्या मावशीने स्वतःच्या अंगाभोवती गुलाबपाणी शिंपडलं. काका म्हणाले, "वहिनी, टाका ते खड्ड्यात. मुहूर्त टळेल." "मग गाडी तुम्हीच ओढा," म्हणत आईने घोडी सोडली. वऱ्हाड चिडून चालत निघालं. घोडीने शिंगराला हुंगणं थांबवेपर्यंत आई तिथेच बसून राहिली. काका जाऊन वर्षं झाली. त्यांच्या श्राद्धाचं जेवण मला अजून गिळवत नाही.