बिस्केच्या उपसागरात एक राजमा

आमच्या सिडनीतल्या कॅसल हिलच्या घरात एका बाईने एकदा गाडी बाहेर काढून गॅरेजच्या जमिनीवर खडूने मोटरहोम आखली होती. पुढे दोन सीट, मग गॅसची शेगडी, मग काडेपेटीएवढं बाथरूम आणि शेवटी पलंग. त्या रेघांच्या आत कॅम्पिंगचा स्टोव्ह ठेवून, अंग चोरून, ती कुकरमध्ये खिचडी लावत होती. नवरा लॉनमोवर घ्यायला आला तर ही ओरडली, "अहो, चपला काढा आधी! पलंगावर उभे आहात तुम्ही."

त्यांनी खरोखर चपला काढल्या आणि नसलेल्या पलंगावरून अलगद पाय टाकत लॉनमोवरपर्यंत गेले. मला वाटलं, काय गुणी माणूस आहे.

ती बाई मीच. वय अठ्ठावन्न, केस नुकतेच काळे केलेले, आणि अक्कल अजून यायची होती.

या वेडाची सुरुवात मी केली नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. यांच्या ऑफिसात एक इंग्लिश सहकारी होता. त्याचे आईवडील म्हणे थंडी पडली की इंग्लंडमधलं घर बंद करून चाकावरच्या घरातून निघायचे, फ्रान्स ओलांडून थेट स्पेनच्या दक्षिणेला, आणि संत्र्यांच्या बागांशेजारी हिवाळा काढून परतायचे. ते ऐकून यांनी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला युरोपचा मोठा नकाशा आणला, जेवणाच्या टेबलावर पसरला आणि म्हणाले, "रिटायर झालो की पहिला हिवाळा आपला. तू, मी आणि रस्ता."

इतकं फिल्मी वाक्य या माणसाने लग्नाआधीसुद्धा म्हटलं नव्हतं. तेव्हाच संशय यायला हवा होता. पण नाही. मी नकाशावर काच टाकून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले.

काचेवर खुणा करायला मी कडधान्यं वापरायची. राजमा म्हणजे रात्रीचा मुक्काम. हरभरा म्हणजे दुपारचं जेवण. मूग म्हणजे आपल्याकडचं वाणसामान मिळण्याची शक्यता. लंडनमध्ये मुगांची नुसती रास होती, पॅरिसला चार, आणि पुढे पार स्पेनच्या दक्षिणेला आल्मेरियापर्यंत एकच, तोही माझ्या आशेवर ठेवलेला. जेवायच्या वेळी काच हलवायची नाही, असा घरात नियम होता. मुलगा-सून रविवारी आले की आम्ही ताटं मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवायचो. सून बिचारी म्हणायची, "आई, एखादं ॲटलस आणून देऊ का?"

मैत्रिणी हसायच्या. "अगं, इथला मस्त उन्हाळा सोडून तिकडच्या बर्फात कशाला कडमडायला जायचं?" मी त्यांना ऐकवायची. थंडीत पाण्याच्या टाक्या रिकाम्या कशा करायच्या, फ्रान्समधले कोणते कॅम्प हिवाळ्यात बंद असतात, सगळं. दहा हजार मैल लांबच्या थंडीवर मी अशी अधिकाराने बोलायची, जणू माझं बालपण पुण्यात नव्हे, नॉर्वेत गेलं होतं.

आणि माझं एक गुपित होतं. मला फक्त ऑटोमॅटिक गाडी यायची. तिकडच्या भाड्याच्या मोटरहोम बहुतेक गिअरच्या. चालवणार हेच होते, पण यांची कंबर धड नाही. दोन तास गाडी चालवली की उतरताना वाकडे व्हायचे. म्हणून मी गुपचूप गिअर शिकायला लागले. मंगळवारी आणि शुक्रवारी, लायब्ररीत जाते असं सांगून. शिकवणाऱ्या एक सरदारीण बाई होत्या. मोठ्या प्रेमळ, पण आवाज असा की शेजारच्या लेनमधला ट्रक दचकावा. "बहनजी, क्लच है, पायदान नहीं. पैर उठाओ!" टेकडीवर गाडी बंद पडली की मागे हॉर्न वाजायचे, आणि मी डोळ्यांसमोर आणायची की फ्रान्समध्ये कुठेतरी हे थकलेत, मी म्हणतेय, "सरका बाजूला," आणि यांचं तोंड उघडंच्या उघडं राहिलंय. त्या एका तोंडासाठी मी तीन महिने शिव्या खाल्ल्या.

हे रिटायर झाले आणि महिनाभरात घरभर भिरभिरायला लागले. आयुष्यभर पॅरामॅटाच्या सरकारी ऑफिसात माणसांनी यांना विचारून कामं केलेली. आता यांना विचारणारी मी एकटी, आणि मी तरी काय विचारणार, दूध संपलंय का?

ते दिवस भारतातून शिकायला आलेल्या मुलांचे होते. पॅरामॅटा स्टेशनवर उतरलं की चहूकडे आपली पोरं. पुण्याची, नगरची, लुधियान्याची, हैदराबादची. पाठीला सॅक, एका हातात शिफ्टचा डबा, दुसऱ्या हाताने फोनवर आईला "जेवलो गं" सांगणारी. त्यांच्यासाठी रस्तोरस्ती कॉलेजं उघडली होती. केशकर्तनालयाच्या वर कॉलेज, ट्रॅव्हल एजंटच्या मागे कॉलेज. एक जिना दिसला की वर एक कॉलेज असायचंच. अशाच एका कॉलेजात हे एकदा कुणाच्यातरी ओळखीने भाषण द्यायला गेले. आले ते ताठ चालत. मला वाटलं, कंबर सुधारली.

गणपतीत पॅरामॅटाला हॉल घेतला होता मंडळाने. आरती झाली होती, प्रसादाची रांग लागली होती, आणि मी खुर्च्यांचं कोंडाळं करून बायकांना ज्ञान देत होते. "गॅसची निळी बाटली घ्यायचीच नाही. तो गॅस कडक थंडीत हट्ट करून बसतो. लाल घ्यायची."

एवढ्यात चिंचवडची एक मुलगी आली आणि वाकून माझ्या पाया पडली. "काकू, तुम्ही सरांच्या मिसेस ना? सर आम्हाला जानेवारीपासून प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकवणार आहेत. समर टर्मला. त्यांचं डेमो लेक्चर काय भारी झालं! मी तर त्यांच्यासाठीच ती बॅच घेतली."

माझ्या शेजारची लगेच म्हणाली, "जानेवारीत? अगं, तुम्ही तर स्पेनला ना?"

मी काय केलं असेल? हसले. "हो, म्हणजे, तोवर येऊ ना परत," म्हणाले, आणि त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून भरभरून आशीर्वाद दिला. ज्या माणसाने मला तोंडघशी पाडलं त्याचीच लाज मी झाकली, तीही पुढच्या सेकंदाला, न अडखळता. बत्तीस वर्षांची सवय, दुसरं काय. समोर रांगेत हे उभे होते. प्रसाद वाढणाऱ्याला काहीतरी विनोद सांगून यांनी जास्तीचा मोदक मिळवला, आणि तो लांबूनच मला दाखवला, "तुझ्यासाठी" अशा खुणेने.

माझी नात हल्ली युनिव्हर्सिटीत जाते. तिला ही गोष्ट सांगितली तर म्हणाली, "आजी, व्हाय डिडन्ट यू जस्ट आस्क हिम?"

बाळे, विचारलं असतं तर त्यांना सांगावं लागलं असतं. मला त्यांनी आपणहून सांगायला हवं होतं.

मी वाट बघितली. रोज संध्याकाळी चहा घेऊन हे टेबलाशी यायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि नकाशाकडे प्रेमाने बघायचे. मी मनात म्हणायची, आता बोलतील. ते म्हणायचे, "बोर्दोला दोन दिवस ठेव हं. वाइनचा भाग आहे." यांना वाइनने ॲसिडिटी होते.

मग माझं डोकं फिरलं. एका संध्याकाळी मी बोर्दोचा राजमा उचलला आणि डावीकडे सरकवला. जमीन सोडून, किनारा सोडून, सरळ निळ्या पाण्यात. बिस्केच्या उपसागराच्या मधोमध.

"अहो, इथे मुक्काम करायचा का?"

त्यांनी कपात बिस्किट बुडवलं. नकाशाकडे बघितलं. म्हणजे डोळे तिकडे होते.

"चालेल की. शांत वाटतंय."

"जागा मोठी आहे, नाही?"

"हवेशीर आहे," म्हणाले, आणि बिस्किट चहात पडलं ते चमच्याने काढत बसले.

तो राजमा मी तिथून हलवला नाही. रोज चहाच्या वेळी तो समुद्रात तसाच. रोज हे त्याच्याकडे बघून मान डोलवायचे. मला तेव्हा वाईट वाटलं का, तर हसू आलं, आणि हसता हसता मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

नोव्हेंबरमध्ये सरावासाठी म्हणून शनिवार-रविवारकरता एक भाड्याची मोटरहोम मी आधीच ठरवून ठेवली होती. ती मी रद्द केली नाही. दक्षिणेकडे समुद्राकाठी कॅरव्हॅन पार्कात गेलो. जाताना यांनी चालवली. बाजूच्या गाडीतल्या ऑस्ट्रेलियन आजोबांनी "हाउ यू गोइंग, मेट?" विचारलं तर यांनी त्यांना छाती काढून सांगितलं, "प्रॅक्टिसिंग फॉर स्पेन!" मी आत पोहे परतत होते. हातातला झारा तसाच राहिला.

रविवारी दुपारी चहा झाला. हे खुर्चीतून उठताना जरा जास्तच कण्हले. मग परत बसले.

"ऐक ना. मी विचार करत होतो. डॉक्टर म्हणाले, माझ्या कमरेला एवढं ड्रायव्हिंग नको. या वर्षी राहू द्यावं का? पुढच्या वर्षी नक्की."

मी कप विसळत होते. म्हटलं, "मग जानेवारीत प्रोजेक्ट मॅनेजमेंट कोण शिकवणार आहे, तुमची कंबर?"

बाहेर कुणाचंतरी पोर सायकलची घंटी वाजवत होतं.

"तुला कधी कळलं?"

"गणपतीत."

"आणि तू इतके दिवस... रोज नकाशा, ते राजमे..."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

"अगं, तू इतकी रमली होतीस. तुझा मूड घालवायचा कसा?" मग अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, "आणि खरं सांगू, मला वाटलं तुलाही माहीत आहे. आपण थोडेच जाणार होतो? ही मजा नकाशावरचीच असते गं."

नोकरीचं मी कदाचित पचवलं असतं. कमरेचंही. पण हा माणूस पहिल्या दिवसापासून त्या टेबलाशी बसून मान डोलवत होता, आणि पहिल्या दिवसापासून त्याच्या लेखी मी भातुकली खेळत होते. ते चपला काढून पलंगावरून चालणं, ते प्रेम नव्हतं. पोरीने दिलेला लुटुपुटीचा चहा आपण पितो ना सुर्र आवाज करत, तसं होतं.

निघायची वेळ झाली. मी किल्ली उचलली आणि चालवायच्या जागेवर जाऊन बसले.

"अगं, ही गिअरची आहे!"

"माहीत आहे."

"तुला कुठे येते?"

मी पहिला टाकला, क्लच सोडला, आणि ते धूड लोण्यासारखं पुढे सरकलं. यांचं तोंड उघडंच्या उघडं राहिलं. अगदी मी ठरवलं होतं तसंच. मी मान वळवून नीट बघितलंसुद्धा नाही.

"कधी शिकलीस?"

"लायब्ररीत."

"पण कशाला?"

"तुमच्या कमरेसाठी."

सिडनी जवळ आली. कॅसल हिलला सरळ जायचं होतं. पश्चिमेला ब्लू माउंटन्सकडे जाणारा फाटा आला आणि मी तो घेतला. हे खिडकीतून बघत हळूच म्हणाले, "आपला रस्ता राहिला बहुतेक."

"राहू दे."

चढावर मी तिसरा टाकला, मग दुसरा. एकदाही गाडी बंद पडली नाही. त्या अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला वाटत होतं, आपण बंड केलंय. आता थांबायचंच नाही, थेट पार पश्चिमेकडच्या कालगुर्लीपर्यंत जायचं, वाळवंट ओलांडायचं. तासाभराने डोंगरातल्या कटूंबा गावच्या पेट्रोल पंपावर तिने गाडी वळवली. मोटरहोम संध्याकाळी परत करायची होती, आणि उद्याच्या इडलीचं भिजवायचं राहिलं होतं. असली ही बंडखोर.

घरी येऊन मी काचेवरचे सगळे दाणे एका पातेल्यात गोळा केले. लंडन, पॅरिस, आल्मेरिया, समुद्रातला तो एक. रात्रभर भिजत घातले. दुसऱ्या दिवशी कांदा-टोमॅटो घालून मिसळ उसळ केली. यांनी दोनदा वाढून घेतली.

"छान झालीय. काय विशेष?"

"काही नाही. उरलंसुरलं."

जानेवारीत हे शिकवायला गेले. शर्टाला इस्त्री मी करून दिली नाही, त्यांची त्यांनीच केली. पोरांना ते मनापासून आवडले, हे मी मान्य करते. पण ते कॉलेज फार दिवस चाललं नाही. जशी उघडली तशीच एकामागून एक बंद व्हायला लागली. एक दिवस जिन्याला कुलूप. चिंचवडची ती मुलगी आमच्याकडे येऊन रडून गेली. तिच्या वडिलांनी घर गहाण टाकलं होतं. तिला मी जेवायला घातलं. आम्हाला दोघींना त्याच एका जिन्याने फसवलंय, हे तिला काय सांगणार?

त्यानंतरच्या एका संध्याकाळी हे नकाशा घेऊन आले. काच पुसली. चष्मा कपाळावर सरकवला. या वेळी खरोखर बघत होते, बोट फिरवून, गावांची नावं वाचत.

"या हिवाळ्यात जाऊ या," म्हणाले. "नक्की. गाडी तू चालव."

मी भाजी निवडत होते.

"अगं, ते राजमे कुठे ठेवलेस?"

"तुम्ही खाल्लेत," मी म्हटलं.