कोपरापासून नमस्कार

काशीत जन्म, काशीतच सासर, आणि तरी सत्तेचाळीस वर्षं मी गंगेत डोकं बुडवलं नव्हतं. सांगायला लाज वाटते, आणि खरं सांगू, हसूही येतं. रोज सकाळी संकठा घाटावर जायची, शेवटच्या पायरीवर बसून लोट्याने अंगावर पाणी घ्यायची, वेणी नीट भिजवायची आणि "हर हर गंगे" असं ठणकावून म्हणायची की शेजारच्या बायकांना वाटावं, हिने अकरा डुबक्या मारल्या.

दोष माझाच. सतरा वर्षांची असताना मी स्वतःला घाटावरची मगर समजत असे. दोन वेण्या, नाक वर, जिभेला हाड नाही. "शंभर आकडे होईपर्यंत पाण्याखाली राहून दाखवते," अशी मामेबहिणीशी पैज लावली. साठाला मगरीचा दम संपला, आणि ती वर आली नेमकी बांधून ठेवलेल्या नावेच्या तळाखाली. वर लाकूड, डावीकडे लाकूड, उजवीकडे लाकूड. कुणा मल्लाहाने वेणी धरून ओढून काढलं म्हणून वाचले. मग ज्योतिष्याच्या सांगण्यावरून भीतीवर उतारा म्हणून पोवळ्याची अंगठी घातली, प्राणायाम शिकले, श्वास कोंडून धरण्यात तर इतकी तरबेज झाले की येणाऱ्या-जाणाऱ्याला करून दाखवत असे. पाण्यात मात्र गुडघ्यापुढे पाऊल नाही.

तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टर खात्री देईनात. घाबरून मी गंगेला नवस बोलले, "हे घरी येऊ देत, तुझ्यात डोक्यावरून स्नान करीन." हे घरी आले. मी तेवढ्या दिवशी लोटा जरा मोठा नेला आणि घरी येऊन सांगितलं, "फेडला हो नवस!" या थंडीत पुन्हा तपासणीत गाठ दिसली, महिन्याभराने दुसरं ऑपरेशन ठरलं, तेव्हा माझ्या काळजात धस्स झालं ते रिपोर्टापेक्षा त्या लोट्याच्या आठवणीने. लगोलग घाटावर गेले. पाणी कमरेला लागलं की डोक्यावर लाकूड आहे असं वाटे. तीनदा गेले, तिन्ही वेळा कोरडं डोकं घेऊन परतले. माझ्या भित्रेपणाची शिक्षा ह्यांना होणार, हा किडा मेंदूतून जाईना.

"ऑपरेशनआधी लेकीकडे चार दिवस राहून येऊ," असं ह्यांनीच काढलं. जावयांची बँकेतली बदली अंदमानला झालेली. नात चिनू एकोणीस वर्षांची, तिथे समुद्रात बुडी मारून प्रवाळ बघायच्या वेडाने झपाटलेली. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काच. "आजी, चलो ना, कुछ नहीं होगा!" मी आधी हाडतहुडत केलं. मग मनात आलं, जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही तिथे डोकं बुडवून बघावं. भित्र्याची रंगीत तालीम, दुसरं काय. माझी तब्येत बुडी मारण्याजोगी आहे, असा डॉक्टरचा कागद मिळाला. हे किनाऱ्यावर छत्रीखाली बसले.

शिकवणारी बाई चाळिशीची, तिथेच वाढलेली. कमरेएवढ्या पाण्यात उभं करून म्हणाली, "माँजी, एक ही बात याद रखिए. साँस कभी मत रोकिए." झालं! चाळीस वर्षांची माझी विद्याच बाद. पुढे म्हणाली, अंगठा वर केला म्हणजे 'वर चला', आणि अंगठा-तर्जनी जुळवली म्हणजे 'सब ठीक'.

"ही तर ज्ञानमुद्रा!" मी म्हटलं.

"आजी, नीचे जाके ज्ञान मत देना," चिनू म्हणाली.

मग नावेतून जरा आत जाऊन पाण्यात उतरलो. दोन पुरुष खोल गेलो असू. बाईने माझ्या टाकीचा पट्टा घट्ट धरला होता. खाली पोवळ्याचे भाऊबंदच पसरलेले: कुठे कोबीचा गड्डा, कुठे हरणाची शिंगं, कुठे जांभळी जाळी. मी चक्क खुश होते. आणि मला दुर्बुद्धी सुचली, मी वर पाहिलं. वर आमच्याच नावेचा काळा तळ.

सतरा वर्षांची ती मगर माझ्या छातीत जागी झाली. श्वास कोंडला. अंगठ्याची खूण पार विसरले. मग आपल्याकडची बाई वैतागली की जे करते तेच मी केलं. दोन्ही हात कोपरापासून जोडले. म्हणजे, बाई गं, पुरे झालं, सोड मला! ती माझ्याकडे बघत राहिली. मग पट्टा न सोडता तिने दुसरा हात छातीशी नेला, मान लववली आणि तशीच थांबली. मनात म्हटलं, मेले आता. पण ती मला ना ओढत होती, ना अडवत होती. भांडायलाच कुणी नाही. आणि माझा श्वास आपला आपण सुटला. कानाजवळून बुडबुडे गेले, हर-हर-हर-हर. मी म्हटलं नव्हतं. घाटावर इतकी वर्षं ओरडून म्हणत आले ते त्या वेळी माझ्या नकळत माझा श्वास म्हणत होता. ते बुडबुडे वर गेले, नावेच्या तळाला थडकले, आणि दोन्ही कडांनी सरकत उजेडात निघून गेले. म्हणजे वाट होती. तेव्हाही असणारच.

वर आल्यावर बाई म्हणाली, "आप पूजा कर रही थीं ना, इसलिए मैं रुक गई."

"कसली पूजा! मैं तो हाथ जोड़ रही थी, के छोड़ो मुझे!"

ती हसली. "एक ही बात है, माँजी."

काशीला परतल्याच्या दुसऱ्या दिवशी घाटावर गेले. हेही आले, पायरीवर टॉवेल घेऊन बसले. मी छातीएवढ्या पाण्यात गेले, हात जोडले, श्वास सोडला आणि खाली गेले. गंगेत काही दिसत नाही, सगळं मातकट. पण मी डोळे उघडे ठेवले होते.

बाहेर आले तर ह्यांनी टॉवेल डोक्यावर टाकला आणि हळूच माझा कान चाचपला. "आज ओले आहेत."

"म्हणजे?"

"अगं, तीन वर्षांपूर्वी नवस फेडून आलीस तेव्हा वेणी निथळत होती, कान मात्र कोरडे ठणठणीत."

मला लाजेने पाण्यात परत जावंसं वाटलं. "मग बोलला का नाहीत?"

"तू भ्यायलेली होतीस. गंगाबाई थांबली होती, मला कसली घाई?"

ऑपरेशन येत्या मंगळवारी आहे. काय होईल, मला ठाऊक नाही. गंगेने सूड उगवावा इतकी ती माझ्यासारखी कोत्या मनाची नाही, एवढं मात्र कळलं. ज्याने वेणी धरून ओढलं त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. जिने पट्टा धरला तिचंही विचारायचं राहिलं. कृपेला नाव विचारायचं माझ्या ध्यानातच येत नाही, हा माझा जुना दोष. या वेळी नवस बोलले नाही. आम्ही दोघं रोज सकाळी घाटावर जातो, मी बुडी मारते, आणि वर आले की हे माझे कान तपासतात.